बंडूच्या जीपमधली बुडालेली बाई

मडक्यातल्या पाण्याला उकळी फुटली आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अगं आई’ निघालं.

खाली चूल नव्हती, निखारा नव्हता. कोंडिबा देवरुषी डावा हात बंडूच्या जीपच्या बॉनेटवर टेकवून, उजवा हात मडक्याच्या वर धरून डोळे मिटून उभा होता. मडकं आपोआप गदगदत होतं. वाफ त्याच्या दाढीत शिरत होती.

“गाडीतली आग ओढतोय म्या!” तो ओरडला. “ह्या हातातनं त्या हातात. हाय का कुठं गॅस? हाय का वायर? कुणाला शंका असंल त्यानं पुढं यावं!”

मी पुढं झाले. हिर्डोशीच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि या वाडीत खोली घेऊन राहते. मघाशी त्याने काळ्या फडक्यातली एक पुरचुंडी मडक्यात सोडलेली मी पाहिली होती.

“त्या पुरचुंडीत काय आहे, ते बघू द्या,” मी म्हणाले.

“उताऱ्याला बाईमाणसानं हात लावायचा नसतो,” डोळे न उघडता तो म्हणाला, आणि दोघांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. शंका असणाऱ्यांनी पुढं यावं, हे निमंत्रण बहुतेक बायकांसाठी नव्हतं.

मग त्याने बंडूला इंजिन चालू करायला लावलं आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. आतल्या पाण्यातून बुडबुडे वर येत होते. एकामागून एक, थांबून थांबून, कुणी पाण्याखाली श्वास सोडावा तसे.

“हात लावा. पाणी थंड हाय का न्हाई? मग उकळी न्हाई ही. श्वास हाय! पाण्यात बुडून मेलेली बाई हाय ही. बंडू, रोज तू गाडीत पाणी भरतोस, संध्याकाळी डबा रिकामा. कोण पितं त्ये? हीच पिते. तिची तहान भागंना, म्हणून गाडी तापती.”

पुढच्या दोघातिघांनी बोट बुडवून पाहिलं. पाणी थंड होतं. बुडबुडे खरे होते. त्याने फक्त त्यांचा अर्थ आपल्या सोयीचा लावला होता.

कोंडिबाने आवाज खाली आणला. “ही बाई गाडीत आली कुठल्या दारानं? ज्याचं रगत अंगाबाहेर काढत्यात, यंत्रात फिरवत्यात आन परत अंगात घालत्यात, असा कोण बसतो ह्या गाडीत? तेवढा वेळ त्यो मेलेलाच की! अर्धा मेलेला माणूस म्हंजी उघडं दार. आन ज्या घरात देव्हारा न्हाई, त्या घरातनं तर वाट मोकळीच.”

त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना वाडीच्या खालच्या टोकाला, प्रशिकच्या घराकडे वळल्या. त्याची बायको संजीवनी अंगणाच्या कडेलाच उभी होती. उद्या किती वाजता निघायचं, एवढं विचारायला ती आली होती.

“उद्या शुक्रवार हाय, बंडूभाऊ,” ती म्हणाली.

बंडू तिच्याकडे न बघता रेडिएटरचं झाकण लावायला लागला. त्याची आई सगुणाबाई पुढं आली. “न्हाई. आता त्यो ह्या गाडीत बसायचा न्हाई. आमचं बी पोट हाय.”

प्रशिक आणि बंडू एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. दीड वर्षापूर्वी प्रशिकच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला भोरला डायलिसिसला न्यावं लागे. वरंध घाटाच्या रस्त्याचं काम निघाल्यामुळं आमच्याकडची एसटी बंद होती. वाडीत चारचाकी एकच, बंडूची जुनी डिझेल जीप. तीन महिन्यांपासून ती तापत होती. धरणाच्या कडेचा चढ लागला की काटा वर, बॉनेटमधून वाफ, आणि सगळे खाली उतरून पाण्याच्या शोधात. बंडूने रेडिएटर धुऊन घेतला, झाकण बदललं, पंख्याचा पट्टा बदलला. गाडी तापायची थांबली नाही. आणि तापायची ती नेमकी प्रशिक बसलेला असताना.

शुक्रवारी संजीवनीने त्याला चुलत दिराच्या मोटरसायकलवर मध्ये बसवलं आणि स्वतः मागून मिठी मारून धरलं. हिर्डोशीच्या पुढं जाईपर्यंत त्याला भोवळ आली. तिघंही रस्त्याच्या कडेच्या मातीत पडले. परत घरी आणलं. शेजारच्या गावच्या दोन गाडीवाल्यांना तिने फोन केले. कोंडिबाची गोष्ट मोबाईलवरून तिच्या आधी तिथं पोहोचली होती. एकाची गाडी अचानक बिघडली होती, दुसऱ्याची बायको अचानक माहेरी निघाली होती.

रविवारी सकाळी संजीवनी माझ्या दारात आली. तिच्या हातात कोंडिबाचं मडकं होतं. तिठ्यावर पालथं घाला आणि कुणी हात लावू नका, असं तो सांगून गेला होता.

“उचललंस तू हे?” मी विचारलं.

“माझं आता आणखी काय वाईट व्हायचंय, मॅडम? ह्यांचे पाय सुजल्यात. रात्री आडवं पडता येत न्हाई, बसून झोपत्यात. मंगळवारपर्यंत कसं काढायचं?” तिने पदराने तोंड पुसलं आणि मडकं खाली ठेवलं. “मला एक सांगा. ह्यांचं पाणी मोजायला डॉक्टरांनी शिकवलंय मला. किती प्यायलं, किती बाहेर गेलं. बाहेर न्हाई गेलं तर ते अंगात साठतं, कुठं गायब व्हत न्हाई. मग गाडी पिते ते पाणी कुठं जातं? गाडीखाली तर थेंब नसतो. म्या वाकून बघितलंय, दर खेपेला.”

तीन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“आन दुसरं,” ती म्हणाली. “ह्यांच्या वाराला गाडी तापते म्हणत्यात. बाकीच्या वारी ती जाते कुठं? दुधाच्या किटल्या घेऊन हिर्डोशीपर्यंत आन माघारी. भोरचा चढ ती चढते ह्यांच्याच वाराला.”

मडक्यात ती काळी पुरचुंडी तशीच होती. मी तिची गाठ सोडली. आत पांढरा, लोण्यासारखा गोळा होता. बोटाला लावला तर बोट चुरचुरलं. चुना! भाजलेल्या चुनखडीचा कोरडा खडा, म्हणजे कळीचा चुना, पाण्यात पडला की स्वतःच इतका तापतो की पाणी उकळतं. त्याला ना हात लागतो ना मंत्र.

मडक्याचं कोडं सुटलं. बुडबुड्यांचं राहिलं. आम्ही दोघी तशाच बंडूकडे गेलो. सगुणाबाई देवळात गेल्या होत्या, ते बरंच झालं.

“बंडू, सकाळी गाडी चालू करतोस तेव्हा धूर कसला येतो?” मी विचारलं.

“पांढरा. लई येतो. थंडीचा असंल.”

“तीन महिन्यांपूर्वी थंडी होती?”

त्याने वळून जीपच्या धुराच्या नळीकडे पाहिलं.

संजीवनी म्हणाली, “पांढरा धूर म्हंजी वाफच की. पाणी जळून मागनं जातंय, बंडूभाऊ.”

बंडू बॉनेटला टेकून खाली बसला. डोकं दोन्ही हातांत धरलं. “हेडची गॅस्केट,” तो पुटपुटला. “इंजिनाचं डोकं आन धड, मधी एक पातळ पट्टी असती. ती जळली की आतला जाळ पाण्यात शिरतो आन पाणी जाळात. माझ्या मनात आलं व्हतं.”

“मग बोलला का न्हाई?” संजीवनीने विचारलं.

“वैनी, गॅस्केट म्हटलं की सगळं इंजिन खोलायचं. गाडी किती दिवस उभी राहील कुणास ठाऊक. आन देवरुष्यानं सांगितलं ते सोपं व्हतं.” तो थांबला. “निस्तं प्रशिकला उतरवायचं व्हतं.”

बंडू रडायला लागला, तेव्हा संजीवनीने तोंड फिरवून आपल्या घराकडे पाहिलं.

“आई ऐकायची न्हाई,” शेवटी तो म्हणाला. “वाडी ऐकायची न्हाई. तुमाला काय दाखवायचं ते सगळ्यांसमोर दाखवा. उद्या कोंडिबा गाडीला बंधन घालायला येतोय.”

सोमवारी उजाडताच मी टेकाडावर, जिथं मोबाईलला रेंज मिळते तिथं गेले आणि एकशे आठला फोन लावला, कारण प्रशिकच्या छातीतून आता घरघर ऐकू येत होती. रुग्णवाहिका एका अपघातावर गेली होती. “यायला वेळ लागेल. जमलं तर तुम्ही निघा, आम्ही वाटेत भेटू,” पलीकडचा माणूस म्हणाला. निघायचं कशाने, हे त्याला कसं सांगणार?

बंडूच्या अंगणात गेले तेव्हा कोंडिबा आलाच होता. लिंबं, कवडी, पिशवी, सगळं मांडून बसला होता. संजीवनीने आणि तिच्या दिराने प्रशिकला खुर्चीसकट उचलून आणलं. तोंड सुजलेलं, ओठ काळसर. बायका मागं सरकल्या.

“ह्याला कशाला आणला?” कोंडिबा उठला. “वाटोळं व्हईल सगळ्यांचं!”

प्रशिकने दम खात मान वर केली. “बुवा, मी अर्धा मेलोय म्हणता ना? बरोबर हाय. मग उरलेला अर्धा तरी भोरला न्यू द्या की.”

कुणी हसलं नाही. पण कुणी मागंही सरकलं नाही.

मी मडक्यातला गोळा सगळ्यांना दाखवला. हा चुना आहे, म्हणून सांगितलं. कोंडिबा मोठ्याने हसला. “मंत्रानं खड्याचा चुना झाला, बाई! मंतरल्याबिगर पाणी उकळून दाखवा!”

तेव्हा अंबूबाई उठल्या. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांनी वाकून तो गोळा हुंगला, मग सरळ कोंडिबाच्या पिशवीत हात घातला आणि आजच्यासाठी बांधून आणलेली दुसरी पुरचुंडी काढली. तो ‘आजे, आजे’ करतोय तोवर त्यांनी ती पाण्याच्या तांब्यात टाकून तांब्या ओट्यावर ठेवला. सगळे बघत राहिले. थोड्याच वेळात तांब्यातून वाफ निघाली आणि पाणी गदगदू लागलं.

“दिवाळीला भिंती रंगवायला आमी हाच भिजवायचो,” अंबूबाई म्हणाल्या. “डबाच्या डबा उकळायचा. आता समद्यांची घरं डिस्टेंपरची झाली, म्हणून इसरले. कोंडिबा, माझ्या अंगात बी देव आला म्हणायचा का? आरं, तू तर आख्ख्या वाडीला चुना लावलास!”

आता हसू फुटलं. पण कोंडिबा कच्चा नव्हता.

“मडक्याचं सोडा!” तो गरजला. “बुडबुड्यांचं बोला! थंड पाण्यात श्वास कशाचा?”

हसू विरलं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे आल्या. माझी नजर प्रशिककडे गेली. त्याचे डोळे मिटत होते. संजीवनी त्याच्या पाठीवर हात फिरवत माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात ‘लवकर’ एवढंच होतं.

त्यातला थोडा चुना मी रात्रीच स्वच्छ पाण्यात विरघळवून, वरचं नितळ पाणी काढून ठेवलं होतं. चुन्याची निवळी. आठवीची मुलं हा प्रयोग करतात. धूर किंवा उच्छ्वास तिच्यात सोडला की ती दुधासारखी पांढरी होते. साधी हवा सोडली तर लगेच काही होत नाही. सायकलच्या पंपाने मी निवळीत हवा सोडून दाखवली. ती नितळच राहिली. मग बंडूने थंड इंजिन चालू केलं. रेडिएटरच्या तोंडावर नरसाळं पालथं घालून कडा कणकेने बुजवल्या, नळी निवळीच्या पेल्यात सोडली. बुडबुडे पेल्यात येऊ लागले. निवळी पांढरी झाली.

“हा इंजिनातला धूर आहे,” मी म्हणाले. “काही जळल्याशिवाय हा वायू, कार्बन डायऑक्साइड, होत नाही.”

माझ्याच वर्गातल्या एका मुलीने, सोनियाने, मागून खणखणीत आवाज दिला, “बाई, फुंकर मारल्यावर पण पांढरी होते!”

कोंडिबाने झडप घातली. “ऐकलं? लेकरू बोललं! श्वासानं बी पांढरी व्हती! मग म्या काय सांगत व्हतो? श्वासच हाय त्यो!”

क्षणभर अंगण त्याच्या बाजूला झुकलं, हे मला दिसलं. सोनियाचं बोलणं खरंही होतं. मी म्हणाले, “बरोबर आहे तिचं. एवढ्याने सिद्ध होत नाही. आणखी तपासू.” पण कसं, ते मला माहीत नव्हतं.

तोवर बंडू पाना घेऊन इंजिनावर वाकला होता. “बुवा,” तो म्हणाला, “श्वास बाईचा असला तर तिला डिझेल लागायचं न्हाई. व्हय का न्हाई?”

“भुताला कशाला डिझेल?” कोंडिबा म्हणाला, आणि फसला.

“चार सिलिंडर हाईत. परत्येकाला डिझेलची एक नळी. म्या एकेक नळी ढिली करतो. बघत ऱ्हावा.”

त्याने रेडिएटरवरचं नरसाळं काढलं आणि पहिल्या नळीचा नट ढिला केला. इंजिन लंगडायला लागलं, बुडबुडे तसेच. नट आवळला. दुसरी. बुडबुडे तसेच. तिसऱ्या नळीचा नट ढिला केला आणि बुडबुडे एकदम मंदावले. एखाददुसरा, मग कितीतरी वेळ काही नाही. बंडूने नट आवळला. बुडबुडे परत पहिल्यासारखे उसळले. पुन्हा ढिला केला, पुन्हा मंदावले.

“आई, पुढं ये,” तो म्हणाला. “तू बघ.”

सगुणाबाई पुढं आल्या. लेकाच्या हातातल्या पान्याकडे आणि रेडिएटरच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या. बंडूने त्यांच्यासमोर नट परत एकदा ढिला करून आवळून दाखवला.

“तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केट जळलीय,” बंडू म्हणाला. “जाळ पाण्यात घुसतोय, पाण्याला हाकलतोय, म्हणून गाडी तापती. हितं बाई न्हाई, आई. हितं कुणी न्हाई.”

सगुणाबाई कोंडिबाकडे वळल्या नाहीत. त्या प्रशिककडे बघत म्हणाल्या, “आता ह्याला न्या. बोलत काय बसलाय?”

पण इंजिन तर खरंच फुटकं होतं. खरं काय ते कळलं म्हणून गॅस्केट जोडली जात नाही. बंडूने हिशेब केला तो असा: गाडीत माणसं कमीत कमी, वेग कमी, रेडिएटरचं झाकण अर्धवट सैल म्हणजे आत दाब कोंडणार नाही, आणि काटा वर सरकायला लागला की थांबायचं, निवलं की पाणी भरायचं. मघाशी मागं सरकलेल्या बायकांनीच घराघरांतून पाण्याचे कॅन आणले. त्या गडबडीत कोंडिबा लिंबं तिथंच टाकून केव्हा सटकला, कुणाला कळलं नाही.

तो प्रवास मी विसरणार नाही. प्रशिक मागच्या बाकावर बसून होता, कारण आडवं केलं की तो गुदमरायचा. प्रत्येक श्वासासाठी त्याचे खांदे वर चढत. गाडी थांबली की संजीवनी स्वतःच श्वास थांबवायची. धरणाचं पाणी शांत पसरलेलं होतं आणि आम्ही कडेला उभे राहून एक लोखंडी यंत्र निवण्याची वाट बघत होतो. घाई केली तर इंजिन अडकेल, नाही केली तर माणूस जाईल. बंडू बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. तोंडाने काही पुटपुटत नव्हता. फक्त हाताला सोसेल एवढं गार झालं का, ते बघत होता.

“वैनी, आता चलतो,” म्हणायचा, आणि आम्ही चढायचो.

शेवटचा कॅन संपला त्यानंतर दोन वळणांनी समोरून रुग्णवाहिका आली. प्रशिकला ऑक्सिजन लागला. त्याला आत घेताना बंडूने त्याचा हात धरला, तो प्रशिकने सोडवून घेतला नाही.

छातीत पाणी भरलं होतं. आणखी उशीर झाला असता तर हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी तातडीने डायलिसिस झालं, आठवडाभर तो दवाखान्यात राहिला, आणि घरी आला. पण त्या दिवसांनी त्याला खूप मागं नेलं. अजून चार पावलं चालला की बसतो.

बंडूने इंजिन खोललं. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला गॅस्केटवर करंगळीच्या नखाएवढा काळा, जळका चट्टा होता. संजीवनीने जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली आणि सगुणाबाईंनी तिच्या बाजूने जबाब दिला. कोंडिबावर खटला चालू आहे.

जबाब देऊन येताना सगुणाबाई मला म्हणाल्या, “बाई, एक इचारू? तीन म्हयने गाडी तापत व्हती. समदे म्हणायचे, बघू, व्हईल. एकट्या कोंडिबानं हात लावून कारण सांगितलं. खोटं का असंना, सांगितलं. शाणी माणसं कुठं व्हती तवा?”

या प्रश्नाचं उत्तर मी एकटीने द्यायचं नाही. ज्यांना थोडंफार कळतं, त्या सगळ्यांनी द्यायचं आहे. माणूस संकटात असतो तेव्हा त्याला कारण हवं असतं. आपण पोहोचलो नाही तर कोंडिबा पोहोचतो.

आणि ज्यांना कारण सांगितलं जातं, त्यांना एवढंच सांगणं आहे. सांगणाऱ्याला म्हणा, आमच्या डोळ्यांदेखत तपासून दाखव. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. खरं कारण तपासणीला भीत नाही. पण जे कारण ऐकल्यावर फक्त कुणाला तरी गाडीतून उतरवायचं असतं, ते ऐकताक्षणी सावध व्हा आणि तपासायला लागा, ताबडतोब. कारण उतरवलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसून तुमची वाट बघत असतो, आणि त्याच्याकडे फार वेळ नसतो.